सरकारी मालिकेची बिनसरकारी प्रार्थना

७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली आणि भारतीय मालिकांचा इतिहास सांगणारा जो तो तिथूनच सुरुवात करतो. मनोहर श्याम जोशींचं लेखन, पी. कुमार वासुदेव यांचं दिग्दर्शन, दिल्लीच्या रंगभूमीवरून आलेले कलाकार, तेव्हाच्या निवांत गुडगावातलं चित्रीकरण, बसेसर राम आणि भागवंतीचा ओढगस्तीचा संसार, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार. एवढं सगळं लिहून झालं की शीर्षकगीताच्या वाट्याला फार तर एक ओळ येते: संगीत अनिल विश्वास, शब्द फैज अहमद फैज. हा हिशेब मला चुकलेला वाटतो. प्रेक्षकाशी कोणत्या सुरात बोलायचं हे या मालिकेत सगळ्यांत आधी शीर्षकगीताला उमगलं होतं. मालिकेला ते कळायला तेरा भाग जावे लागले.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री वसंत साठे १९८२ साली मेक्सिकोला गेले. मिगेल साबिदो यांनी कुटुंबनियोजनासारखे विषय कौटुंबिक कथानकांत गुंफून तिथल्या टीव्हीवर लोकप्रिय केले होते. हा प्रयोग आपल्याकडेही करावा, असं नाशकात जन्मलेल्या, विदर्भातून लोकसभेवर निवडून गेलेल्या या मंत्र्यांनी मनावर घेतलं. मालिका पडद्यावर येईपर्यंत साठे त्या खात्यात नव्हते, पण मुळातला हेतू कायम होता. सुरुवातीच्या भागांत उपदेशाचा मारा इतका झाला की प्रेक्षक कंटाळले. तेराव्या भागानंतर कुटुंबनियोजनाचा सूर खाली आणला गेला, बडकी, मझली, छुटकी, लल्लू आणि नन्हे यांच्या सुखदुःखांना जागा मिळाली, आणि पुढचे दीडशेच्या आसपास भाग लोकांनी डोक्यावर घेतले.

आता गीत पाहू. फैज यांची ‘दुआ’ ही कविता १४ ऑगस्ट १९६७ची, म्हणजे पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाची. प्रार्थना कशी करतात हे ज्यांना आठवत नाही, प्रेमाखेरीज दुसरा देव ज्यांना ठाऊक नाही, अशी माणसं तिच्यात हात उचलतात. आजच्या विषात उद्याचा गोडवा मिसळावा, ज्यांना दिवसांचं ओझं पेलवत नाही त्यांचं ओझं हलकं व्हावं, वाट न सापडणाऱ्याला वाट दिसावी, असं ती मागत जाते. पुढे धार वाढते. ज्यांचा धर्मच खोटेपणा होऊन बसला आहे त्यांना नकार देण्याचं धाडस मिळावं, इथपर्यंत ती पोचते. शीर्षकाच्या जेमतेम वेळात अख्खी कविता मावणं शक्यच नव्हतं. पण सुरुवातीचाच पवित्रा पाहा. बोलणारा स्वतः अडलेल्यांपैकी आहे. ‘तुम्ही असं वागा’ असं सांगायला तो उंचावर उभा नाही. लोकांना वळण लावायला निघालेल्या सरकारी मालिकेच्या दारावर ही कविता लागावी, हा विरोधाभास अजून कुणी पुरेसा मनावर घेतलेला नाही.

आणि चाल कुणाची, तर अनिल विश्वास यांची. इथे थोडं थांबलंच पाहिजे. बारिसालमध्ये ७ जुलै १९१४ रोजी जन्मलेला हा माणूस. म्हणजे ‘हम लोग’चा पहिला भाग लागला तो नेमका त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला. तरुणपणी क्रांतिकारकांच्या संगतीत तुरुंग पाहिलेला, कलकत्त्यात काझी नझरुल इस्लाम यांच्याबरोबर काम केलेला, १९३४च्या सुमारास मुंबईत आलेला. हिंदी चित्रपटगीतात वाद्यवृंद आणि समूहस्वर मानाने आणणाऱ्यांत त्यांचं नाव आधी घ्यावं लागतं. मुकेशना ‘पहली नजर’मधून आणि तलत महमूदना ‘आरजू’मधून त्यांनी पुढे आणलं. माइकसमोर श्वास कसा सांभाळायचा हे त्यांच्याकडून शिकल्याचं लताबाई सांगत. १९६३ साली मुंबई सोडून ते दिल्लीत आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाकडे गेले. पंडित रविशंकर यांच्यापासून सुरू झालेला हा वाद्यवृंद त्यांच्या आधी त्यांचे मेहुणे, थोर बासरीवादक पन्नालाल घोष यांनीही सांभाळला होता. ‘अनिलदा दिल्लीला जाऊन विस्मृतीत गेले’ असं चित्रपटवाले हळहळत म्हणतात. मुंबईच्या नजरेतून ते खरंही असेल. पण नभोवाणीच्या शिस्तीत वर्षानुवर्षं मुरलेला आणि तरी चित्रपटाची नस ओळखणारा संगीतकार १९८४च्या दिल्लीत दुसरा कोण होता? दूरदर्शन आकाशवाणीतूनच १ एप्रिल १९७६ला वेगळं झालेलं होतं. त्याच्या पहिल्या मोठ्या मालिकेचा सूर आकाशवाणीच्या जुन्या माणसाकडून यावा, हे घरच्या रीतीला धरूनच झालं.

माझ्या म्हणण्याचा खरा आधार मात्र १९४३ सालात आहे. त्या वर्षी बॉम्बे टॉकीजचा ‘किस्मत’ आला. नायक अशोककुमार, संगीत अनिल विश्वास. कवी प्रदीप यांच्या त्यातल्या देशभक्तीच्या गाण्यात जर्मनी आणि जपानचं नाव होतं, म्हणून ते युद्धकाळातल्या ब्रिटिश सेन्सॉरमधून सुटलं. थिएटरातल्या माणसाने त्याचा रोख इंग्रजांवरच आहे हे बरोबर ताडलं. सरकारी परवान्यावर निघालेलं गाणं लोकांच्या बाजूने कसं बोलतं, याचा याहून पक्का धडा कुठे मिळाला असता? त्याच काळात फैज दिल्लीत होते, ब्रिटिश हिंदी लष्कराच्या प्रसिद्धी विभागात. फॅसिझमविरुद्धची लढाई आपली मानून ते त्यात गेले आणि लेफ्टनंट कर्नल झाले. म्हणजे १९८४ साली ‘हम लोग’च्या आरंभी शब्द आणि स्वर ज्यांचे, आणि शेवटी चेहरा ज्याचा, ते तिघेही एक्केचाळीस वर्षांपूर्वी, आपापल्या जागी, युद्धकाळातल्या प्रचाराच्या सावलीत काम करत होते. फैज मालिकेत प्रत्यक्ष सहभागी नव्हते, फक्त त्यांची कविता घेतली गेली. पण प्रचार कुठे संपतो आणि कविता कुठे सुरू होते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळं मागाहून शोधलेलं शहाणपण आहे. दिल्लीच्या पुरोगामी वर्तुळात फैज आवडते होते, म्हणून ते आले. असेल तसंही. पण हेतू सिद्ध झाल्याशिवाय परिणाम मानायचा नाही, असा नियम लावला तर ‘किस्मत’चंही श्रेय काढून घ्यावं लागेल. दुसरा आक्षेप भाषेचा. फैज यांची फारसीमिश्रित उर्दू सांगली-सोलापुरातल्या किंवा मदुराईच्या घरात कितीशी कळली असेल? शब्दशः थोडीच. तरी हिंदी चित्रपटगीतांनी निदान उत्तरेच्या आणि महाराष्ट्राच्या कानांना उर्दूची सवय लावून ठेवली होती, आणि अनिल विश्वास स्वतः त्या सवयीच्या शिल्पकारांपैकी एक. तमिळ प्रेक्षकापुरता मात्र हा आक्षेप मला मान्य करावाच लागतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. मालिका चालली ती अशोककुमार यांच्या समारोपामुळे, आणि तो तर उघड उपदेश होता. त्यांना चार लाखांहून अधिक पत्रं आली. मग उपदेश फसला, असं कसं म्हणायचं? पण त्यांचा ढंग आठवा. आजोबांसारखे हसत, ‘छंद पकैया’ची यमकं जुळवत, ते प्रेक्षकालाच विचारात पाडत. निकाल देण्याचा आव त्यात नव्हता. याउलट पटकथेत ठरवून पेरलेला धडा कसा उलटतो हे भागवंतीने दाखवलं. सोसत राहणाऱ्या बाईचं काय होतं, याचा इशारा म्हणून रेखाटलेली ती बाई कितीतरी प्रेक्षकांना आदर्श गृहिणी वाटली. मालिकेवर अभ्यास करणाऱ्या अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी हे नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे टिकलं ते आर्जव, तेच शीर्षकगीतात होतं आणि समारोपातही.

२० नोव्हेंबर १९८४ला लाहोरमध्ये फैज गेले, तेव्हा पाकिस्तानात झिया-उल-हक यांची लष्करी राजवट होती आणि दिल्ली इंदिराजींच्या हत्येनंतरच्या शीखविरोधी हिंसाचारातून नुकती बाहेर येत होती. मालिका पुढे डिसेंबर १९८५पर्यंत चालली. अनिल विश्वास ३१ मे २००३ रोजी दिल्लीतच वारले. त्यांच्या कामाच्या याद्या बहुतेक जण १९६५च्या ‘छोटी छोटी बातें’पाशी थांबवतात. दर्दी मंडळींनी त्या आणखी एकोणीस वर्षं पुढे न्याव्यात आणि ‘हम लोग’चं शीर्षकगीत ‘किस्मत’च्या पंगतीत बसवावं. ते तिथे शोभतं.