मेंढरांचा कोतवाल

काशीत ब्रह्माघाटाच्या पायऱ्या चढून मराठी घरांच्या गल्ल्यांतून थोडं चाललं की काळभैरवाचं देऊळ लागतं. काळभैरव म्हणजे काशीचा कोतवाल, आणि कोतवालाचं वाहन कुत्रं. मराठी माणसाला यात नवल वाटत नाही. त्याचा खंडोबाही मार्तंडभैरवच, आणि त्याच्याजवळही कुत्रं असतंच. ज्या विश्वेश्वराच्या नगरीची ही कोतवाली, त्याचं देऊळ १७८० मध्ये पुन्हा उभारलं ते चौंडीच्या धनगर घरात जन्मलेल्या अहिल्याबाईंनी. होळकरांचं कुलदैवत अर्थात खंडोबा.

धनगरांच्या देवाला कुत्रं कशाला, हे मात्र घाटावर कळत नाही. त्यासाठी माळरान गाठावं. खतासाठी कुणाच्या शेतात मेंढरं बसवलेली असतात, कोकरं वाघरीत म्हणजे जाळीच्या कुंपणात, भोवती अंधार आणि अंधारात लांडगा. आपल्याकडचा लांडगा वीसेक किलोंचा, सडपातळ. राखणीला बसलेलं कुत्रं त्याचंच भाऊबंद. पूर्वज एक, दात तसेच, नाक तसंच. मग एकाला मेंढी म्हणजे घास आणि दुसऱ्याला ती घरची कशी?

उत्तर पिल्लाच्या पहिल्या काही आठवड्यांत आहे. कॅथरिन लॉर्ड या अमेरिकी संशोधिकेने २०१३ मध्ये दाखवलं, की लांडग्याचं पिल्लू दोन आठवड्यांचं असतानाच हिंडायला लागतं. तेव्हा त्याला ना दिसतं ना ऐकू येतं. नुसत्या वासावर ते जग चाचपतं. कुत्र्याचं पिल्लू बाहेर पडतं चौथ्या आठवड्यात. फरक अवघा दोन आठवड्यांचा! पण त्यामुळे कुत्र्याला परक्या जातीच्या जिवांशीही सोयरीक जमवता येते. पुढचे दोन-तीन महिने जे सोबत असतील, ते त्याचे. माणसं असोत की मेंढरं.

अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या अखेरीस रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या जोडप्याने युरोपातून राखणीची कुत्री आणून हेच जवळून पाहिलं. चांगलं राखणदार कुत्रं सहसा लांडग्याशी झुंजत नाही, ते त्याच्या कामात खोडा घालतं. भुंकतं, आडवं येतं, कधी शेपूट हलवत वास घ्यायलाच पुढे होतं. लांडग्याचा डाव मोडतो. जखमी झालेल्या लांडग्याला शिकार जमत नाही, म्हणजे उपासमार. तेव्हा तोही नसता धोका पत्करत नाही. मला तर या मध्ये येण्यातच खरी कोतवाली दिसते. हिमालयात मात्र मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, कारण तिथे बिबट्या थेट नरडं धरतो.

धनगराच्या कुत्र्याचं नाव वाघ्या असतं आणि खंडोबाच्या भक्तालाही वाघ्याच म्हणतात, हा योगायोग नसावा.

रस्त्याकडेला मेंढरं बसलेली दिसली आणि एखादं कुत्रं उठून अंगावर भुंकलं, तर दगड उचलू नका. चार पावलं लांबून जा.