पाव डोकं, चार केस आणि एक वजू

मक्केत काबागृहाभोवती सात फेरे घालायचे ते वजू, म्हणजे नमाजआधी पाण्यानं केलेली शुद्धी, राखून. यावर चारही सुन्नी मजहब, म्हणजे धर्मशास्त्राच्या हनफी, शाफई, मालिकी आणि हंबली परंपरा, साधारण एकमुखानं बोलतात. भांडण पुढे आहे. ज्यांचं एकमेकांशी लग्न होऊ शकतं अशा स्त्री-पुरुषांच्या कातडीला कातडी नुसती लागली तरी वजू तुटतो, असं शाफई मत आहे, आणि नवरा-बायकोही त्याला अपवाद नाहीत. हनफी म्हणतात, अशा स्पर्शानं काही बिघडत नाही. आता हजच्या त्या रेटारेटीत शाफई यात्रेकरूनं करायचं काय? पाच पावलं टाकली की कुणाचा तरी हात, कुणाचं तरी कोपर. प्रत्येक वेळी गर्दी चिरून बाहेर जायचं आणि पुन्हा नळाखाली बसायचं ठरवलं, तर सात फेरे व्हायला दिवस मावळायचा.

वाट शाफई उलेमांनीच काढून दिली आहे. तेवढ्यापुरतं हनफी मत धरा, असं ते सांगतात. पण त्याला जोडलेली अट फार बारकाईची आहे. मत हनफी धरायचं, तर वजूही हनफींच्या हिशेबानं पुरा झालेला हवा. डोक्यावरून ओला हात फिरवण्याला मसह म्हणतात. शाफईंना त्यात चार केस ओले झाले तरी पुरतं, हनफींना किमान पाव डोकं लागतं. म्हणजे सवलत हवी असेल, तर मुक्कामावरून निघतानाच पाव डोकं ओलं करून निघायचं. इकडची सूट आणि तिकडची सोय गोळा करून, दोघांच्याही मते अपुरा राहील असा वजू चालत नाही. सवलतीलाही इतकी शिस्त लावणारे लोक नियमांकडे किती गंभीरपणे पाहत असतील, ते यातून कळतं.

मुळात आज्ञा छोटी आहे. कुराणाच्या पाचव्या सूरेतली, अल-माइदातली, सहावी आयत नमाजला उभं राहण्याआधी चार गोष्टी सांगते: चेहरा धुणं, कोपरांपर्यंत हात धुणं, डोक्यावर मसह आणि घोट्यांपर्यंत पाय. हनफींचे फर्ज, म्हणजे सक्तीचे भाग, एवढेच. आधी मनगटापर्यंत हात धुणं, चूळ भरणं, नाकात पाणी घेणं, कानांवरून बोट फिरवणं, प्रत्येक अवयव तीनदा धुणं या त्यांच्या लेखी सुन्नती. त्या राहिल्या तरी वजू होतो, पुण्य तेवढं कमी पडतं. हंबली मात्र तोंड आणि नाक चेहऱ्यातच धरतात, त्यामुळे त्यांच्याकडे चूळ सुटली की वजूच सुटला. मालिकींना अवयव चोळावाही लागतो, नुसतं पाणी सोडून भागत नाही. शाफई आणखी दोन गोष्टी सक्तीच्या करतात, नियत आणि क्रम.

नियतीच्या या अटीचा परिणाम मजेदार आहे. वजू नसलेला माणूस पावसात नखशिखांत भिजला, चेहरा, हात, डोकं, पाय सगळं ओलं झालं, तर हनफी म्हणतील, वजू झाला, जा नमाजला. शाफई विचारतील, मनात वजूचा हेतू होता का? नव्हता, तर तुम्ही फक्त भिजलात. आता जिथे जून ते सप्टेंबर आभाळ फाटलेलं असतं, ते आपलं कोकण नेमकं शाफई. तिथल्या पावसाचा या बाबतीत कुणाला उपयोग नाही!

पायांचा वाद याहून जुना आणि जड आहे. आयतीतला पायांचा शब्द दोन तऱ्हांनी वाचला जातो. एका स्वराच्या फरकानं तो ‘धुवा’कडे जातो किंवा ‘मसह करा’कडे. सुन्नी पाय धुतात, शिया मसह करतात. प्रवासात घाईघाईनं पाय नुसते ओले करणाऱ्या आणि टाचा कोरड्या ठेवणाऱ्या सोबत्यांना पैगंबरांनी कडक ताकीद दिली होती, ही हदीस, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींची नोंद, सुन्नी पुढे करतात. शिया आपली परंपरा अहले-बैतकडून, पैगंबरांच्या घराण्याकडून आल्याचं सांगतात. कॉर्डोबाचा काझी इब्न रुश्द (११२६-११९८) यानं ‘बिदायतुल मुज्तहिद’ हा ग्रंथ लिहिला तो मुख्यतः असे मतभेद कुठून उगवतात हे उलगडायला, आणि त्याची सुरुवात शुद्धीच्या प्रकरणानंच होते. कोण चूक हे ठरवण्याआधी प्रत्येकाची दलील नीट मांडायची, ही त्याची पद्धत आजही शिकण्याजोगी वाटते.

महाराष्ट्रात शाफई आणि हनफी या दोन वाटा भूगोलानं आखून दिल्या आहेत. कोकण किनाऱ्यावर इस्लाम आला तो अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून, आणि त्या समुद्राकाठचा मजहब शाफई होता. घाटावर आणि मराठवाड्यात तो आला उत्तरेकडून, मध्य आशियातून दिल्लीमार्गे आणि हनफी होऊन. माहीमचे मखदूम अली माहिमी (१३७२-१४३१), ज्यांच्या उरुसाला मुंबई पोलिसांची चादर चढते, ते शाफई पंथाचेच विद्वान. शाफई फिकहवरचा, म्हणजे धर्मविधीच्या शास्त्रावरचा, एक ग्रंथ त्यांच्या नावावर सांगितला जातो. त्यामुळे रत्नागिरीची मुलगी सोलापुरात दिली की वजूचे बारीकसारीक मसले सासरी नव्यानं कानावर पडतात. लॅबमध्ये रक्त काढून दिलं, तर शाफई सुनेचा वजू शाबूत असतो. हनफी सासूला तो पुन्हा करावा लागतो, कारण अंगातून वाहण्याइतकं रक्त निघालं की हनफींचा वजू गेला. साखर तपासताना बोटावर आलेला, न ओघळलेला थेंब मात्र त्यांनाही चालतो.

पाण्याचा हिशेबही दोघांचा वेगळा आणि तो थेट बांधकामात उतरलेला दिसतो. साठलेल्या पाण्यात घाण पडली तर ते नापाक होतं. पण पाणी ‘मोठं’ असेल, तर रंग, वास किंवा चव बदलेपर्यंत ते पाकच. मोठं म्हणजे किती? हनफी मजहबाचे संस्थापक अबू हनीफा यांनी हे पाहणाऱ्याच्या अंदाजावर सोडलं होतं. पुढच्या हनफी विद्वानांनी लोकांच्या सोयीसाठी आकडा दिला, दह-दर-दह, म्हणजे दहा हात लांब, दहा हात रुंद. हात दीड फुटाचा धरला तर सव्वादोनशे चौरस फूट. हनफी मशिदींच्या अंगणातले ऐसपैस हौद पाहिले की हा आकडा आठवावा. शाफईंचं माप दोन ‘कुल्ला’, म्हणजे दोन मोठ्या रांजणांचं, ढोबळ दोनशे लिटरचं. त्या हिशेबानं गच्चीवरची पाचशे लिटरची प्लास्टिकची टाकीही मोठं पाणी ठरते.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीत तर पाणी आधी होतं आणि मशीद नंतर आली. ती जागा एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची. तलाव जसाच्या तसा राखायचा, या अटीवर त्यानं बांधकामाला होकार दिल्याचं सांगतात. १८०२ साली पुरी झालेली ही मशीद त्या जुन्या तलावावरच उभी आहे, आणि नमाजी त्याच्याच काठावर वजूला बसत आले आहेत. पैगंबरांना मात्र वजूला एक मुद्द पाणी पुरे, अशी हदीस आहे. मुद्द म्हणजे सुमारे पाऊण लिटर, हनफींच्या मापानं लिटरभर. नळ सोडून दाढी खळखळून धुणाऱ्यांनी एकदा पाऊण लिटरच्या बाटलीत वजू करून पाहावा. जमतो. तीनदा धुणं सुन्नत आहे, चौथ्यांदा धुणं मकरूह, म्हणजे नापसंत.

इतके फरक असताना एकामागे दुसऱ्यानं नमाज पढायची कशी? याबद्दल एक किस्सा फिकहच्या पुस्तकांत सांगितला जातो. खलिफा हारून अल-रशीदनं शिंगी लावून रक्त काढवलं आणि इमाम मालिक यांच्या मतानुसार नवा वजू न करताच नमाजला इमामत केली. मागे उभे होते काझी अबू यूसुफ, अबू हनीफांचे पट्टशिष्य. त्यांच्या स्वतःच्या मते खलिफाचा वजू तुटलेला होता. तरी त्यांनी त्याच्यामागे नमाज पढली आणि ती पुन्हा केली नाही. दरबारी मुत्सद्दीपणा म्हणून हे झटकता आलं असतं. पण रक्त निघाल्यानं वजू तुटतो असं मानणाऱ्या अहमद बिन हंबल यांना हाच प्रश्न विचारला गेला, तेव्हा तेही म्हणाले की मालिकसारख्यांच्या मागे नमाज न पढणं आपल्याला शक्यच नाही. आणि या अहमदनी दुसऱ्या एका धार्मिक वादात खलिफाच्या हुकमापुढे मान न तुकवता चाबकाचे फटके खाल्लेले होते.

संशयखोरांची मात्र कुठल्याच मजहबानं गय केलेली नाही. नमाजमध्ये पोटात काही हललंसं वाटलं, तर आवाज किंवा वास आल्याशिवाय नमाज सोडू नये, असं हदीस सांगते. त्यातूनच खात्री शंकेनं मोडत नाही, हे सूत्र निघालं, आणि एकोणिसाव्या शतकात ते उस्मानी साम्राज्याच्या ‘मजल्ला’ या दिवाणी संहितेचं चौथं कलम झालं. वजू केला हे नक्की आठवतं, तुटला का ते आठवत नाही, तर मालिकी सोडून बाकीच्यांच्या मते वजू आहे. तरी पुन्हापुन्हा धूत बसणाऱ्यांच्या या विकाराला वसवसा म्हणतात, आणि बाराव्या शतकात बगदादच्या इब्न अल-जौझींनी तो सैतानाच्या फसवणुकींत मोजला आहे.

आजच्या प्रश्नांनाही हीच जुनी मापं लागतात. मेंदीचा फक्त रंग उरतो, म्हणून ती चालते. नेलपॉलिशचा थर नखापर्यंत पाणी जाऊ देत नाही, म्हणून ते काढावं लागतं. पाणी झिरपू देणारं नेलपॉलिश बाजारात आलं, तेव्हा वाद शास्त्राचा राहिलाच नाही. पाणी खरंच नखाला लागतं का, एवढंच तपासायचं उरलं. हनफींकडे प्लास्टरवर वरून ओला हात फिरवला की झालं. पाणी नसेल किंवा आजारात सोसत नसेल, तर तयम्मुम, म्हणजे मातीवर हात टेकवून तो चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवणं. त्यात हनफींना धूळ नसलेला दगडही चालतो, शाफईंना धूळ लागतेच. आणि लघवीची पिशवी लावलेल्या पेशंटला, ज्याचा वजू एरवी क्षणभरही टिकणार नाही, हनफी ‘माजूर’ धरतात. एका नमाजच्या वक्तापुरता त्यानं एकदा वजू करायचा, मग पिशवीत थेंब पडत राहिले तरी तो वक्त सरेपर्यंत त्याचा वजू कायम. शाफई त्याला प्रत्येक फर्ज नमाजसाठी वेगळा वजू करायला सांगतात.