स्मरणशक्ती कमी, की भाषा परकी?

‘वही काढा, बारावं पान उघडा, तिसरं उदाहरण सोडवा.’ धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या एखाद्या पाड्यावर पहिली-दुसरीतलं मूल वही काढतं आणि गुरुजींकडे बघत बसतं. ‘याचं लक्षच नसतं,’ असा शिक्का बसतो. पण दोष लक्षाचा असेलच असं नाही.

ऐकलेली माहिती काही सेकंद मनात धरून तिच्यावर काम करण्याच्या क्षमतेला कार्यकारी स्मृती म्हणतात. तोंडी हिशेबातला ‘हातचा’ आपण तिथेच ठेवतो. ही जागा फार थोडी असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ती सात गोष्टींच्या आसपास सांगितली. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये ती जेमतेम चारवर आणली.

घरी पडताळून पाहा. कुणाला तरी सेकंदाला एक या गतीने आकडे वाचायला सांगा: ५, ९, २, ७. ते तसेच म्हणा. मग नवे आकडे घेऊन उलट क्रमाने म्हणा. जमलं की एकेक आकडा वाढवा. सरळ म्हणताना फक्त साठवण होते. उलट म्हणताना साठवण आणि काम दोन्ही. त्यामुळे उलट क्रमात सहसा एक-दोन आकडे कमी जमतात.

पण ही चाचणी भाषेचीही असते. आकडे आपण मनातल्या मनात घोकून टिकवतो. घोकायला वेळ लागला, की आधीचे निसटतात. वेल्श आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांवरचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. वेल्श आकडे उच्चारायला वेळ लागतो. त्या भाषेत त्यांना कमी आकडे आठवले. माणसं तीच होती!

नंदुरबार जिल्ह्यात अनेक घरांत पावरी, भिली, मावची किंवा अहिराणी बोलली जाते. अशा मुलाची चाचणी केवळ मराठीतून घेतली, तर त्याची स्मृती आहे त्याहून कमी दिसू शकते. आधी घरच्या भाषेत घ्या, मगच मत बनवा. वर्गात एका वेळी एकच सूचना द्या, ती फळ्यावर लिहा, मुलाकडून त्याच्या शब्दांत वदवून घ्या.

मोठ्यांनीही एका दिवसाच्या आकड्यावरून घाबरू नये. अपुरी झोप आणि ताण यांनीही तो घसरतो. मात्र पैसे मोजणं, औषधांच्या वेळा पाळणं असे रोजचे व्यवहार अडू लागले, तर डॉक्टरांना दाखवावं.