रिकाम्या जागांची वार्ता : एका ऑनलाइन उद्योगाची घडण

नोकरीच्या शोधात असलेला तरुण आणि योग्य माणसाच्या शोधात असलेली कचेरी, हे दोघे पुष्कळदा एकाच शहरात असतात. तरीही त्यांची गाठ पडत नाही. एकाची वार्ता दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही, एवढेच त्याचे कारण. ही उणीव शासनाने फार पूर्वी ओळखली होती. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४५ मध्ये आपल्या देशात सेवायोजन कार्यालयांचा आरंभ झाला. पुढे १९५९ च्या कायद्याने सार्वजनिक क्षेत्रातील आस्थापनांवर, तसेच २५ अथवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांवर रिक्त जागा कळविण्याचे बंधन घातले. तथापि खाजगी क्षेत्रातील फार मोठी भरती वृत्तपत्रांतील जाहिराती आणि ओळखीपाळखी यांच्याच वाटेने होत राहिली.

या परिस्थितीतून दिल्लीचे श्री. संजीव बिखचंदानी यांनी ‘नौकरी डॉट कॉम’ हा व्यवसाय उभा केला. ऑनलाइन धंदा काढण्याची भाषा आज गावोगावी ऐकू येते आणि त्याबाबतचा सल्ला शिक्षकांना किंवा पंचायत सदस्यांनाच विचारला जातो. अशा वेळी या उद्योगाच्या पहिल्या दहा वर्षांचा तपशील जवळ असलेला बरा. मोबाइलवरच्या यशकथांत हा तपशील सहसा नसतो.

मागच्या पानांपासून वाचन

अर्थशास्त्राचे पदवीधर असलेले बिखचंदानी काही काळ जाहिरात व्यवसायात होते. १९८९ मध्ये अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतून उत्तीर्ण झाल्यावर हॉर्लिक्स तयार करणाऱ्या कंपनीत ते रुजू झाले. तेथे त्यांना एक गोष्ट जाणवली. कचेरीत येणारे व्यापारविषयक नियतकालिक सहकारी मागील पानांपासून वाचीत. कारण नोकरीच्या जाहिराती मागे असत. चांगल्या पगाराची नोकरी असलेली, ती सोडण्याचा मुळीच विचार नसलेली माणसेही त्या जाहिराती आवडीने चाळीत आणि त्यांवर चर्चा करीत. शिवाय माणसे मिळवून देणाऱ्या सल्लागारांचे दूरध्वनी सहकाऱ्यांना येत, आणि त्यांतल्या कित्येक जागांची जाहिरात कोठेच झालेली नसे. ही सारी विखुरलेली माहिती एका ठिकाणी आणली तर तिला मोल येईल, असे त्यांच्या मनाने घेतले.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रत्येक जाहिरात कोणत्या ना कोणत्या वृत्तपत्रात छापून आलेलीच होती. त्यात गुप्त असे काही नव्हते. परंतु एकेकटी जाहिरात चार-सहा जणांच्याच उपयोगाची असते. तीच हजार जाहिरातींच्या संग्रहात विषयवार लावली, म्हणजे शोधणाऱ्याचे श्रम वाचतात. शोधणारे वाढले की जागा कळविणारेही आपणहून येतात, आणि जागा वाढल्या की शोधणारे आणखी वाढतात. पुढे उद्योगाला पैसा मिळू लागला तो या रहाटगाडग्यातून. नोकरी शोधणाऱ्याला जागा विनामूल्य पाहता येत. मोल मोजावे लागे ते माणसे हवी असणाऱ्या कंपन्यांना.

सात वर्षांची तयारी

१९९० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. संकेतस्थळ सुरू झाले १९९७ मध्ये. मधली सात वर्षे सहसा कोणी सांगत नाही. वस्तुतः सर्वांत महत्त्वाची तीच होत. वडिलांच्या घरातील गॅरेजवरच्या नोकराच्या खोलीत त्यांची कचेरी होती आणि त्या खोलीचे ८०० रुपये मासिक भाडे ते वडिलांना देत असत. भागीदारीत काढलेल्या दोन लहान कंपन्यांतून पगारमानाची पाहणी करून तिचे अहवाल विकणे, औषधांच्या व्यापारचिन्हांची माहिती संकलित करणे, अशी कामे चालत. १९९३ मध्ये भागीदारी सुटली. उत्पन्न बेताचे असल्यामुळे ते सुटीच्या दिवशी व्यवस्थापनाचे वर्ग घेत. काही वर्षे ‘पायोनियर’ या दैनिकाच्या नोकरीविषयक पुरवणीचे सल्लागार संपादक म्हणून त्यांनी पगारही घेतला. घराचा नियमित आधार होता तो पत्नीच्या वेतनाचा. धाडसाचे पोवाडे गाणाऱ्यांनी या वेतनाचीही नोंद घ्यावयास हवी.

याच काळात दूरसंचार विभागाने व्हिडिओटेक्स नावाच्या सेवेसाठी प्रस्ताव मागविले असता बिखचंदानी यांनी नोकऱ्यांच्या माहितीची योजना सादर केली होती. ती सेवाच पुढे बारगळली. मात्र जागांची वर्गवारी कशी करावी, ग्राहक कोण, मोल कोणाकडून घ्यावे, याचा विचार कागदावर होऊन राहिला.

१९९६ मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावरील प्रदर्शनात त्यांनी इंटरनेट पहिल्यांदा पाहिले. विदेश संचार निगमाने ही सेवा जनतेला १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुली केली होती आणि देशातील ग्राहक अद्याप काही हजारांतच होते. संकेतस्थळासाठी लागणारा सर्व्हर अमेरिकेत भाड्याने घ्यावा लागे. तेथे प्राध्यापक असलेल्या बंधूंनी तो महिना २५ डॉलर दराने घेऊन दिला. हाती पैसा नसल्यामुळे बंधूंना व्यवसायातील ५ टक्के वाटा देण्यात आला. सहकाऱ्यांनाही असेच वाटे मिळाले. सुमारे २९ वृत्तपत्रांतून वेचलेल्या एक हजार जाहिराती टंकलिखित करून एप्रिल १९९७ मध्ये ‘नौकरी’ सुरू झाले. यंत्रे जुजबी होती. जाहिराती वेचण्याचे आणि त्या ताज्या ठेवण्याचे काम मात्र रोज करावे लागे.

पैसा आला तेव्हा

पहिल्या वर्षी उलाढाल झाली अवघी २ लाख ३५ हजार रुपयांची. दुसऱ्या वर्षी ती १८ लाखांवर आणि तिसऱ्या वर्षी ३६ लाखांवर गेली. या अवस्थेत भांडवल देऊ करणाऱ्यास बिखचंदानी यांनी आरंभी नकारच दिला होता. परंतु भरपूर भांडवल आणि मोठ्या जाहिराती घेऊन प्रतिस्पर्धी उतरल्यावर त्यांनी मत बदलले. २००० च्या एप्रिलमध्ये आयसीआयसीआयच्या निधीकडून सुमारे ७ कोटी ३० लाख रुपये १५ टक्के भागांच्या बदल्यात घेण्यात आले.

नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेतील इंटरनेट कंपन्यांच्या भागांचे भाव कोसळले आणि नव्या भांडवलाचे झरे जगभर आटले. बिखचंदानी यांनी आलेली रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवली आणि ती जपून वापरली. मोठ्या जाहिरातींपेक्षा विक्री प्रतिनिधी नेमण्यावर, सर्व्हरवर आणि संकेतस्थळाच्या सुधारणेवर भर राहिला. २००० मध्येच येऊन मिळालेले श्री. हितेश ओबेरॉय यांनी विक्रीची ही फळी बांधली. ऑनलाइन व्यवसायाला दारोदार फिरणारे विक्रेते कशाला, असे कोणासही वाटेल. पण ज्या अधिकाऱ्याने इंटरनेट पाहिलेलेच नाही त्याला समोर बसून समजावून दिल्याविना तो पैसे कसे देणार? लगतच्या काळात तोटा सोसावा लागला, तरी गंगाजळी संपण्याआधी उत्पन्न खर्चाच्या पुढे गेले. ‘जॉब्सअहेड’ हा मुख्य प्रतिस्पर्धी २००४ मध्ये ‘मॉन्स्टर’ या अमेरिकन कंपनीने विकत घेतला. ‘नौकरी’ची मूळ कंपनी इन्फो एज ही नोव्हेंबर २००६ मध्ये प्रत्येकी ३२० रुपयांना भाग विकून शेअर बाजारात दाखल झाली. नोकरी सोडल्यापासून तोवर सोळा वर्षे लोटली होती.

२०२० मध्ये बिखचंदानी यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या एका दुसऱ्या निर्णयाची नोंदही येथे करावीशी वाटते. २०१० मध्ये इन्फो एजने दिल्लीच्या एका लहानशा कंपनीत सुमारे ४ कोटी ७० लाख रुपये गुंतविले. शहरातील उपाहारगृहांची दरपत्रके गोळा करून ती एका संकेतस्थळावर लावून ठेवणे, हा त्या कंपनीचा उद्योग होता. घरोघरी जेवण पोहोचविण्याच्या व्यवसायात ती पुष्कळ नंतर शिरली. २०२१ मध्ये ‘झोमॅटो’ या नावाने शेअर बाजारात आलेली कंपनी ती हीच.