जॅक आणि घोडी : जड वाहन उचलताना

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही मनालीहून स्पिती खोऱ्यातील काझाकडे निघालो होतो. बातल मागे टाकून कुंझुम खिंडीच्या चढाला लागलो आणि एका धारदार दगडाने मागच्या डाव्या चाकाचा टायर बाजूने चिरला. गाडीसोबत मिळालेला कात्री जॅक सांगाड्याखाली लावून दांडा फिरवू लागलो. सांगाडा वर येत होता, चाक मात्र जमिनीलाच टेकलेले. अखेर जॅकची उंची संपली. मग जे करू नये तेच आम्ही केले : एका सपाट दगडावर जॅक ठेवून गाडी पुन्हा उचलली. मागून येणाऱ्या मालट्रकचा चालक थांबला. आमचा तो मनोरा पाहून त्याने एवढेच सांगितले, की काढलेले चाक बाजूला ठेवू नका, सांगाड्याखाली आडवे सरकवा. ते सरकवून दोन मिनिटे झाली नसतील, तोच दगड हलला, जॅक कलंडला आणि पावणेदोन टनांची गाडी त्या चाकावर येऊन बसली. माझ्या मेहुण्यांचा हात त्या वेळी चाकाच्या कमानीत होता. रिम वाकली, हात वाचला.

नवे वाहन घेताना रंग, आसनांची आवरणे, ध्वनियंत्रणा यांवर घरात मोठा खल होतो. कर्जाचा हप्ता किती बसेल याचे गणितही आपण काटेकोरपणे मांडतो. जॅककडे मात्र कोणी ढुंकून पाहत नाही. डांबरी रस्त्यावर एखादे चाक बदलण्यापुरता तो पुरेसा असतोही. पण डोंगरात, वाळूत वा चिखलात जाणाऱ्या जड वाहनाच्या मालकाने त्याची निवड स्वतः केलेली बरी.

विकत घेताना दुकानदार प्रथम किती टनांचा हवा ते विचारतो. वास्तविक हा प्रश्न सोपा आहे. प्रवासी व सामानासह पावणेतीन टन भरणाऱ्या गाडीच्या मागच्या आसावर सुमारे दीड टन भार येतो, एका चाकावर त्याच्या निम्मा. म्हणजे दोन टनांचा जॅकही चाक उचलील. तरीही तीन टनांचा घ्यावा, कारण जॅकवर छापलेली क्षमता सपाट, घट्ट जमिनीवरील सरळ उभ्या भाराची असते. उतारावर बाजूने येणारा रेटा तिच्या हिशेबात नसतो.

खरी मेख उंचीत आहे. उंच सांगाड्याच्या गाडीत स्प्रिंगा लांब असतात. सांगाडा उचलला की आधी स्प्रिंग ताणली जाते, आस आणि चाक खालीच राहतात. स्प्रिंगेचा तो सगळा लांबावा संपल्यानंतरच चाक जमीन सोडते. आमच्या जॅकची उंची वाया गेली ती इथेच. मागचा आस अखंड असेल, तर जॅक त्याच्याच खाली, चाकाच्या जवळ लावावा. मग थोड्या उचलीत काम भागते. पुढच्या बाजूला बहुतेक नव्या गाड्यांत अखंड आस नसतो, तेथे वाहनाच्या पुस्तिकेत दाखविलेली जागाच ग्राह्य मानावी. मात्र हवा गेली की आस दहा-बारा सेंटीमीटर खाली येतो. तेव्हा मिटलेला जॅक त्या फटीत शिरतो का, आणि पूर्ण उघडल्यावर हवा भरलेले सुटे चाक बसेल इतका वर जातो का, ही दोन्ही मापे टेप लावून घ्यावीत. अनेक जॅक यांपैकी एकाच परीक्षेत उतरतात.

प्रवासासाठी माझी पसंती बॉटल जॅकला आहे. जोसेफ ब्रॅमाने १७९५ मध्ये ज्या जलदाबयंत्राचे पेटंट घेतले, त्याच तत्त्वावर तो चालतो : लहान दट्ट्यावरील थोडा जोर तेलातून मोठ्या दट्ट्याकडे जातो आणि अनेक पटींनी वाढतो. त्यात जॅकचेच तेल घालावे. ब्रेक ऑइल घातल्यास आतील सील फुगून निकामी होतात. चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक घरच्या फरशीवर उत्तम, पण वजनदार, आणि खडीवर त्याची चाके रुततात. चित्रांत रुबाबदार दिसणारा उंच फार्म जॅक पोलादी बंपर नसलेल्या गाडीला कुठे लावणार, हा पहिला प्रश्न. आणि बेसावध क्षणी त्याचा दांडा उसळून जबडा फोडू शकतो, ही दुसरी बाब. हौसेने घेऊ नये.

जॅक कोणताही असो, त्याचे काम उचलण्यापुरतेच. सील झिजले की बॉटल जॅक हळूहळू बसतो, कधी एकाएकीही. गाडीखाली शिरायचे असेल, तर भार स्टँडवर, म्हणजे अनेक गॅरेजांत ज्याला घोडी म्हणतात तिच्यावर, उतरवल्याशिवाय शिरू नये. घोडी घेताना लेबल नीट वाचावे. छापलेली क्षमता एकीची की जोडीची, यात पुष्कळांची फसगत होते. दातेरी घोडीपेक्षा आरपार खीळ घालायची घोडी मला अधिक भरवशाची वाटते. २०२० मध्ये अमेरिकेत दातेरी घोड्या लाखोंच्या संख्येने परत मागवाव्या लागल्या. भार असताना दाते सुटून त्या खाली बसण्याचा धोका होता. बदली म्हणून दिलेल्या काही घोड्यांच्या वेल्डिंगमध्येही पुढे दोष निघाला. म्हणून भार उतरवल्यावर गाडीला हाताने जोराचा धक्का देऊन पाहावे आणि एक चाक सांगाड्याखाली ठेवावेच. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे घोडीच्या जागी कदापि वापरू नयेत. ते आधी वाकत नाहीत, थेट फुटतात.

जॅकखाली जाड, टणक लाकडाची फूटभर फळी हवी. उन्हाळ्यात विदर्भात डांबर इतके मऊ होते, की घोडीचे पायही त्यात रुततात. फळी तेथेही उपयोगी पडते. गिअरवर फार विसंबू नये. एक चाक अधांतरी झाले, की डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरू शकते आणि गिअरचा अटकाव संपतो. हँडब्रेक ओढून, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर लावून मगच दांड्याला हात घालावा.

स्पितीहून परतल्यावर आम्ही बॉटल जॅक, फळी आणि चार लाकडी पाचरी घेतल्या. एका रविवारी अंगणात चाक बदलून पाहिले, तेव्हा पाऊण तास लागला. त्यातला निम्मा वेळ गॅरेजवाल्याने यंत्राने आवळलेले नट सोडवण्यात गेला. गाडीतला पाना त्यांना पुरत नव्हता. दुसऱ्या दिवशी लांब दांड्याचा पाना आणला.