आधी बूड बघा, मग भांडं!

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की बिंदुसरा धरणाच्या अंगाला पाली गाव लागतं. इथल्या घरांत चुलीवरची भाकरी, गॅसवरचा चहा आणि आता सिलिंडर संपला की ओट्यावर येणारी काळ्या काचेची विजेची शेगडी! दुकानात ही सिरॅमिक शेगडी 'इन्फ्रारेड' या नावाने मिळते. दिसायला थेट इंडक्शनसारखी, पण तिच्या खोडी निराळ्या. मांडणीवरच्या कोणत्या भांड्याशी तिचं जमतं ते बघू.

चुंबक घरीच ठेवा
इंडक्शनला चुंबक चिकटेल असंच भांडं लागतं. इन्फ्रारेडला ही अट नाही. काचेखालची तार लालबुंद होते आणि तिची धग काचेतून वर येते. स्टील, पितळ, तांबं, बीड, हिंडालियम, काहीही चालतं. हवं फक्त सपाट बूड.

कडप्प्यावरची परीक्षा
रिकामं भांडं कडप्प्याच्या ओट्यावर ठेवा आणि बोटाने ढकला. गरागरा फिरलं तर बूड फुगीर. चुलीवरचा खोलगट तवा आणि गोल बुडाची कढई इथे नापास होतात: मधोमध तेल धुरावतं, कडेची भजी कच्ची. गंमत म्हणजे चांगल्या भांड्याचं बूड थंड असताना किंचित आत दबलेलं असतं. तापल्यावर ते पसरतं आणि सपाट होतं.

स्टीलची झाकली मूठ
अ‍ॅल्युमिनियममधून उष्णता स्टीलच्या साधारण १५ पट सहज पसरते, तांब्यातून २५ पट. म्हणूनच पातळ स्टीलच्या पातेल्यात दूध नेमकं एकाच जागी करपतं. स्टीलच घ्यायचं तर जाड बुडाचं घ्या, ज्याच्या तळात अ‍ॅल्युमिनियमचा थर दाबून बसवलेला असतो.

वर्तुळाबाहेर गारवा
सिरॅमिक काच धग वर जाऊ देते, आडवी फारशी पसरू देत नाही. लाल वर्तुळाच्या बाहेरची काच त्यामानाने बरीच थंड राहते. त्यामुळे पंगतीचं पातेलं मधेच उकळतं आणि इवलंसं कढलं ठेवलं तर धग वाया जाते. बूड वर्तुळाएवढं असलं की झालं.

उचला, ओढू नका
अ‍ॅल्युमिनियमचं भांडं काचेवर ओढलं की करडे ओरखडे उमटतात. हा धातू ६६० अंशांना वितळतो. पाणी आटून कोरडं पडलेलं भांडं विसरलात, तर ते काचेलाच चिकटून बसू शकतं.

कल्हईला २३२ चा धाक
कल्हई म्हणजे कथील आणि ते २३२ अंशांना वितळतं. पितळी पातेलं रिकामं तापवलं की कल्हई गेलीच म्हणून समजा. आधी पाणी किंवा तेल, मग बटण.

मातीने घासता? मग बूड धुवा
वाळूतले गारेचे कण काचेपेक्षा कठीण असतात. बुडाला चिकटलेला एखादा कण काचेवर कायमची रेघ ओढतो. चुलीवरून उतरवलेलं काजळीचं भांडंही तसंच वर ठेवू नका.

गुळाचा पाक, सगळ्यात खट्याळ
दूध उतू गेलं तर पुसता येतं. पाक सांडला तर तो काचेला धरतो आणि थंड होऊन आकसताना काचेचे टवके काढतो. शेगडी लगेच बंद करा आणि पाक गरम असतानाच, हात सांभाळून, काचेसाठीच्या खरवडणीने काढा. संक्रांतीच्या तिळगुळाला एवढं पथ्य पाळाच!

भाकरी फुगते वाफेने
इथे जाळ नाही, मग ज्वारीची भाकरी फुगणार कशी? फुगवते ती आतली वाफ. सपाट बिडाचा तवा चांगला तापू द्या, भाकरी उलटा आणि फडक्याने कडा दाबत फिरवा. बीड सावकाश तापतं, पण धग धरून ठेवतं. दुसरी भाकरी पहिलीपेक्षा झकास होते ती त्यामुळेच.

भट्टी बिघडली आणि शोध लागला
१९५३ साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टुकी काचेचा तुकडा ६०० अंशांना तापवत होते. भट्टी बिघडली आणि पारा ९०० वर गेला. बाहेर काढताना तुकडा चिमट्यातून निसटून खाली पडला, पण फुटला नाही! काच-सिरॅमिकचा जन्म झाला तो असा. १९७१ साली जर्मनीच्या शॉट कंपनीने शेगडीसाठी 'सेरान' काच आणली. याच कुळातल्या 'झेरोडुर'चे आरसे हवाई बेटावरच्या केक दुर्बिणींत बसवले आहेत. शेगडीची ही काच तापली तरी जवळपास प्रसरण पावत नाही, म्हणून गरम शेगडीवर गार पाणी उडालं तरी तडकत नाही. वरवंटा पडला तर मात्र फुटेलच.

व्होल्टेज पडलं, भात अडला
२००० वॅटच्या शेगडीला २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर लागतात. टीव्हीच्या ६ अँपिअरच्या सॉकेटचं ते काम नव्हे, १६ अँपिअरचाच हवा. व्होल्टेज १८० वर आलं की ताकद सुमारे १२०० वॅटवर घसरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. अशा वेळी घट्ट झाकण आणि सपाट बूड यांचाच आधार.

बंद केली तरी वरण शिजतं
बटण बंद केल्यावरही काच काही मिनिटं तापलेली राहते. वरणाला शेवटची उकळी तेवढ्यात येते, म्हणून शेगडी थोडी आधीच बंद करा. या धगेचे पैसे महावितरणच्या बिलात आधीच धरलेले असतात, मग ती वाया का घालवायची!