गिअरबॉक्सच्या अंगातला ताप

२०१६ साली आलेली स्कोडा सुपर्ब आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या शेंद्रा एमआयडीसीत जुळवली जायची. पेट्रोल सुपर्बचं इंजिन एकच, १.८ टीएसआय, १८० अश्वशक्तीचं. पण हाताने गिअर टाकायच्या गाडीत ते ३२० न्यूटन-मीटर टॉर्क द्यायचं आणि ऑटोमॅटिकमध्ये फक्त २५०. ऑटोमॅटिकला पैसे जास्त मोजायचे आणि जोर मात्र कमी घ्यायचा! कारण इंजिनात नव्हतं, त्याच्या पाठीला जोडलेल्या गिअरबॉक्समध्ये होतं. डीक्यू २०० हा सात गिअरचा डीएसजी २५० न्यूटन-मीटरच्या हिशोबानेच बनवलेला आहे. त्याला झेपेल एवढाच टॉर्क मिळावा म्हणून कंपनीने सॉफ्टवेअरमधून इंजिनालाच लगाम घातला. त्या पिढीच्या १.८ ऑक्टाव्हिया ऑटोमॅटिकचीही हीच गोष्ट. एमएच-२० पासिंगची जुनी पण पळणारी गाडी शोधणाऱ्याने हा २५० चा आकडा आधी पाठ करावा.

स्पोर्ट्स कार म्हणजे दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी, असा कुणाचा हट्ट असेल तर त्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल. या शहराची स्पोर्ट्स कार चार दारांची आहे आणि तिच्या डिकीत लग्नाच्या बॅगा मावतात. २००१ पासून इथे ऑक्टाव्हिया तयार होऊ लागली. २००४ मध्ये तिचा आरएस अवतार टर्बो पेट्रोल इंजिन घेऊन भारतात आला, २०११ मध्ये लॉरा व्हीआरएस, २०१७ मध्ये २३० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस. २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीच्या दोनशेच गाड्या परदेशातून तयार आल्या. शिवाय ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजकांनी मिळून सुमारे ६५ कोटींच्या दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या, ती बातमी देशभर गाजली होती. पळणाऱ्या गाड्यांची हौस इथे जुनी आहे, त्यामुळे अशा गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताला येणं ओघानंच आलं.

विकणारा किलोमीटर सांगतो. 'फक्त पंचेचाळीस हजार चालली आहे, साहेब.' क्लचच्या बाबतीत या आकड्याला फारसा अर्थ नाही, आणि त्यामागे साधं भौतिकशास्त्र आहे.

डीएसजीमध्ये क्लच दोन असतात. एकाकडे १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्याकडे २, ४, ६ आणि रिव्हर्स. गाडी पहिल्यात असतानाच दुसरा गिअर तयार ठेवलेला असतो. एक क्लच सुटतो, दुसरा पकडतो, आणि जर्क न बसता गिअर बदलतो. क्लच तोच, मॅन्युअल गाडीतला. फक्त पायाऐवजी संगणक आणि तेलाचा दाब तो चालवतात. गाडी उभी असताना इंजिन फिरत असतं आणि चाकं थांबलेली असतात. दोघांचा वेग जुळेपर्यंत क्लच घसरतो, आणि घसरला की तापतो. किती तापतो, हे गणिताने अंदाजे काढता येतं. इंजिनाचे फेरे स्थिर धरले तर वेग जुळेपर्यंत गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते, साधारण तितकीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. माणसांसकट दीड टनाची गाडी १,५०० फेऱ्यांवर उचलली, तर वेग जुळतो ताशी ११ किलोमीटरच्या आसपास. म्हणजे एका उठावाला सुमारे ७ किलोज्यूल. एवढ्या उष्णतेने दोन किलो पोलादाचं तापमान सात-आठ अंशांनी वाढतं.

सात-आठ अंश काहीच नाहीत. पण आता संध्याकाळी साडेसहाला जालना रोडवर या. क्रांती चौक, मोंढा नाका, आकाशवाणी, सेव्हन हिल्स. पुढची रिक्षा दोन हात सरकली की आपणही सरकायचं, पुन्हा ब्रेक. निवायला वेळ मिळण्याआधीच पुढचा उठाव येतो आणि अंश एकावर एक चढत जातात. डीक्यू २०० चे क्लच कोरडे असतात. त्यांना गार करायला भोवतालच्या हवेशिवाय दुसरं काही नाही, आणि मे महिन्यात ती हवाच चाळिशीच्या वर असते. वर पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात अशी संगणकाची चुळबुळ चालूच. अशा पंचेचाळीस हजारांपेक्षा समृद्धी महामार्गावर नागपूरला ये-जा करत झालेले नव्वद हजार किलोमीटर मी कधीही पत्करीन. तिथे क्लच घट्ट मिटलेला असतो आणि मिटलेला क्लच झिजत नाही.

लाँच कंट्रोल लावून सिग्नलवरून सुटणाऱ्यांचं गणित आणखी वाईट. फेरे दुप्पट केले की उष्णता चौपट होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते.

आरएसची गोष्ट वेगळी. २३० अश्वशक्तीच्या गाडीचा टॉर्क ३५० न्यूटन-मीटर, म्हणून तिला सहा गिअरचा डीक्यू २५० दिला. याचे क्लच तेलात बुडालेले. उष्णता तेल उचलतं आणि कूलरमध्ये सोडून येतं. मात्र झिजलेल्या अस्तराची पूडही त्याच तेलात उतरते आणि तेच तेल गिअर बदलणाऱ्या बारीक व्हॉल्व्हमधून फिरतं. म्हणून दर ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलावाच लागतो. बिल मोठं येतं, आणि पहिला मालक नेमका त्याच सुमारास गाडी विकायला काढतो. सर्व्हिसच्या कागदात ही एक नोंद शोधा. मर्सिडीजच्या नेहमीच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तिथेही सगळी उष्णता तेलावरच येते, त्यामुळे 'याचं तेल आयुष्यभर बदलायचं नसतं' या वाक्यावर विश्वास ठेवू नये.

डीक्यू २०० चं दुसरं दुखणं मेकॅट्रॉनिकचं. संगणक, व्हॉल्व्ह आणि पंप एकाच डब्यात. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमधलं सिंथेटिक गिअर ऑइल काढून खनिज तेल भरायचा निर्णय घेतला. उष्ण, दमट हवेत आणि खोळंबणाऱ्या रहदारीत त्या तेलामुळे विजेच्या जोडण्यांत शॉर्ट होऊन गाडी चालता चालता जोर सोडण्याची भीती होती. दाबाने तेल साठवणाऱ्या टाकीपाशी तडा जाणं हा याच डब्याचा आणखी एक आजार. तडा गेला की दाब टिकत नाही, डॅशबोर्डवर गिअरची अक्षरं लुकलुकतात आणि गाडी जागची हलत नाही.

हे झाले कंपनीच्या हिशोबात चालवलेल्या गाडीचे आजार. रीमॅप केलेल्या गाडीत तो हिशोबच मोडलेला असतो. लॅपटॉप लावून अर्ध्या तासात २५० चे ३०० च्या वर करता येतात. इंजिन ते आनंदाने देतं, कारण ते मुळात ३२० देऊ शकणारं आहे. कोरड्या क्लचला मात्र ते कुणी विचारलेलं नसतं. आणि विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं की वरवर काही खूण राहत नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात. लॉराच्या पिढीतलं १.८ टीएसआय ऑइल पितं, हे जगजाहीर आहे. पिस्टनवरच्या ऑइल रिंगा बारीक, त्यांची भोकं कार्बनने बुजतात. याच इंजिनाच्या टायमिंग चेनचा जुन्या धर्तीचा टेन्शनर दगा देतो. चेन एक दात सरकली तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टनची गाठ पडू शकते. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यांच्यावर काजळी चढते. ती काढायला अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. कवच काजळी खरवडण्याइतकं कठीण आणि धातूला ओरखडा न पाडण्याइतकं मऊ असतं.

पाहायला जाल तेव्हा गाडी थंड हवी, हे आधीच बजावून सांगा. 'तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली' हा पाहुणचार नको. पहिला स्टार्ट कानाने ऐका. दोन-तीन सेकंद खडखड झाली तर चेनकडे बोट, न्यूट्रलमध्ये सतत खुळखुळ असेल तर ड्युअल मास फ्लायव्हीलकडे. मग एसी लावून जालना रोडच्या गर्दीत अर्धा तास सरपटवा. दुसऱ्यात पडताना गाडी थरथरली तर सम गिअरांचा क्लच बोलतोय. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. फेरे वाढले आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. शेवटी डीएसजी जाणणाऱ्या मिस्त्रीकडून स्कॅनर लावून घ्या आणि नुसते एरर कोड पाहून थांबू नका. क्लचची शिल्लक जाडी आणि तो किती वेळा किती तापला, याच्या नोंदी गिअरबॉक्सच्या संगणकात असतात. मीटर मागे फिरवणाऱ्यांना त्या सहसा आठवत नाहीत.